पिस्तुलाचें तेल आणि गंजाचें कोडें

विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोप-अमेरिकेंतील पिस्तुलें बाळगणाऱ्या लोकांना एका विचित्र अनुभवानें बुचकळ्यांत टाकलें होतें. सायंकाळीं नेमबाजीचा सराव करून आलेला गृहस्थ आपलें रिव्हॉल्व्हर उघडी, नळींतून तेलांत भिजवलेला कापडाचा बोळा चार-चार वेळां फिरवी, नळी आरशासारखी लखलखूं लागली म्हणजे तिला उत्तम तेलाचा हात देई आणि समाधानानें तें हत्यार पेटींत ठेवी. आठ दिवसांनीं पेटी उघडावी, तों तेलाच्या थराखालींच नळीला तांबूस गंज चढलेला! तेल जसेंच्या तसें, आणि त्याखालचें पोलाद मात्र खाल्लें गेलेलें. मग तेल बदलावें, अधिक महागाचें आणावें, दुकानदाराला चार शब्द सुनवावे, परिणाम तोच. या कोड्याचा उलगडा होण्यास जवळजवळ तीस वर्षें लागलीं, आणि तो झाला तेव्हां असें दिसून आलें कीं, ज्या शत्रूला जिंकण्यासाठीं इतकीं तेलें पारखलीं गेलीं तो शत्रू नळींत नव्हताच. जो होता त्याच्याकडे कोणाचें लक्षच गेलें नव्हतें.

हें समजण्यासाठीं जुन्या काळ्या दारूपासून आरंभ करावयास हवा. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू जळते तेव्हां तिचा सारा वायु होत नाहीं. नोबल आणि एबल या दोघां इंग्रज संशोधकांनीं १८७५ त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, दारूच्या वजनापैकीं शेंकडा सुमारें ५७ भाग घनरूप राहतो. म्हणजे शंभर गुंजा दारू उडविली तर पन्नासांहून अधिक गुंजा राख, कांहीं धुराबरोबर बाहेर आणि उरलेली नळींत. या राखेंत पालाशाचे क्षार असतात आणि ते हवेंतील ओल आधाशासारखी शोषून घेतात. काळ्या दारूचें हत्यार रात्रभर तसेंच ठेवलें तर सकाळीं त्याची दुर्दशा झालेली असे. परंतु या दारूचा एक गुण असा कीं, तिची घाण डोळ्यांना दिसे, नाकाला कळे आणि पाण्यांत विरघळे. त्यामुळें घाण कशी काढावी याविषयीं कोणाला संशय नव्हता. नळींत कढत पाणी ओतावें, तें काळें येईनासें होईपर्यंत ओतीत राहावें, गरम झालेली नळी आपोआप वाळूं द्यावी, आणि मग तेल लावावें. येथें तेलाचें काम शेवटचें. खरी सफाई पाण्याची.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतींत मात्र स्निग्ध पदार्थाला आणखी एक काम होतें. सॅम्युएल कोल्ट याचें १८३६ चें अमेरिकन पेटंट ज्या फिरत्या चक्राचें, त्याच्या प्रत्येक घरांत दारू आणि गोळी समोरून भरावी लागे. एका घरांतील बाराची ठिणगी शेजारच्या घरांत शिरली तर दोन-तीन बार एकदम उडत. म्हणून भरलेल्या गोळीच्या तोंडावर चरबी किंवा मेण-चरबीचें मिश्रण थापण्याची चाल पडली. त्यानें ठिणगीला अटकाव होई, आणि पुढें नळींत बसणारी राख मऊ राही हा दुसरा लाभ. ज्या आंसावर चक्र फिरे त्यावर कोल्टनें खांचा पाडल्या होत्या. त्यांत वंगण सांठे व राखेलाही जागा मिळे. याच कारणानें त्याचें रिव्हॉल्व्हर गुळगुळीत आंसाच्या प्रतिस्पर्धी रेमिंग्टनपेक्षां अधिक बार होईतों मोकळेपणानें फिरत राही. तेल कोठें ठरेल याचा विचार तेल कोणतें यापेक्षां कमी महत्त्वाचा नाहीं, हें कोल्टला ठाऊक होतें.

स्निग्ध पदार्थाची निवड हा केवळ कारागिराचा प्रश्न नव्हे, हें हिंदुस्थानाइतकें कठोरपणें कोणालाच शिकावें लागलें नाहीं. एन्फील्ड रायफलच्या कागदी काडतुसाला चरबी लागे ती याच हेतूनें : आंट्यांच्या नळींतून गोळी सुखानें उतरावी आणि राख मऊ राहावी. ती चरबी कोणत्या जनावराची असावी याची खबरदारी पुरवठा करणाऱ्यांनीं घेतलीच नव्हती. जानेवारी १८५७ मध्यें कलकत्त्याजवळच्या डमडम येथें ही कुजबुज उठली; महिना संपण्याच्या आंत सरकारनें शिपायांना स्वतःच्या पसंतीचा स्निग्ध पदार्थ लावण्याची मोकळीक दिली. परंतु तोंवर विश्वास उडाला होता. त्या उठावाचीं कारणें अनेक व खोल होतीं, हें खरें. तथापि मेण आणि वनस्पतितेल यांनीं जें काम सहज झालें असतें त्यासाठीं चरबी निवडण्यांत केवढा निष्काळजीपणा झाला, हें विसरतां येत नाहीं.

चरबी सोडून तेलाकडे वळावें तर तेथेंही निवड सोपी नव्हती. जवसाचें तेल हवेंत सुकून त्याची चिवट साय बनते. दस्त्याच्या लांकडाला तें उत्तम, पण चापाच्या नाजूक कळींत गेलें तर कळ चिकटून बसावयाची. ऑलिव्ह तेल त्याहून बरें, परंतु त्यांतील आम्ल धातूला बाधतें. म्हणून जुने घड्याळजी व बंदूककार ऑलिव्ह तेलाच्या बाटलींत शिशाचे तुकडे टाकून ती कित्येक दिवस उन्हांत ठेवीत, आणि वर निथळलेलें स्वच्छ तेल तेवढें वापरीत. या सर्वांवर मात केली ती स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलानें. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें हें तेल नव्हेच, हें पातळ मेण आहे. तें सहसा खवट होत नाहीं, चिकट बनत नाहीं, आणि उष्णतेनें फारसें पातळ होत नाहीं. घड्याळें, शिवणयंत्रें आणि पिस्तुलें या तिहींच्या पोटांत तें शतकभर फिरत राहिलें. अमेरिकन सैन्याच्या विसाव्या शतकाच्या आरंभींच्या हत्यारांविषयींच्या पुस्तिका चालत्या भागांसाठीं याच तेलाचा आग्रह धरतात, आणि कोठारांत दीर्घकाल ठेवावयाच्या हत्यारांना दाट खनिज वंगणाचा जाड लेप सांगतात.

इंग्रजांनीं मात्र वेगळी वाट धरली, आणि ती ब्रह्मदेशांतून जात होती. इरावतीच्या कांठीं येनानज्याउंग येथें हातानें खणलेल्या विहिरींतून पिढ्यान्‌पिढ्या मातीचें तेल काढलें जात असे. १८५२ त रंगून इंग्रजांच्या हातीं आल्यावर हें दाट तेल लंडनला जाऊं लागलें, आणि १८५४ च्या सुमारास वॉरन डी ला र्‍यू याच्या पद्धतीनें तेथील प्राइस यांच्या मेणबत्तीच्या कारखान्यांत त्यापासून पांढरें मेण व निरनिराळीं तेलें वेगळीं काढण्यांत येऊं लागलीं. खनिज तेलाला आम्ल सुटत नाहीं, किडामुंगी लागत नाहीं, तें खवट होत नाहीं. ब्रिटिश फौजेनें तें उचललें आणि ‘रंगून तेल’ हें नांव तिच्या कोठारांच्या यादींत कायमचें बसलें. शिपायाच्या बंदुकीच्या दस्त्यांतील लहानशी पितळी कुपी असो कीं अधिकाऱ्याच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची पेटी असो, तेल रंगूनचेंच. पुढें पुढें त्या नांवाच्या डब्यांतील तेल ब्रह्मदेशांतलेंच असावें असा निर्बंधही राहिला नाहीं. बेळगांवी लोणी पुण्यांत विकलें जावें, तशांतला हा प्रकार.

येथवर सारें सुरळीत होतें. १८८४ त पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि १८८९ त एबल व ड्यूअर यांनीं इंग्लंडांत कॉर्डाइट काढलें. या नव्या दारूला राख जवळजवळ नाहीं. कॉर्डाइटमध्यें शेंकडा ५८ भाग नायट्रोग्लिसरिन, ३७ भाग गनकॉटन आणि ५ भाग व्हॅसेलिन असे. हें व्हॅसेलिन घालण्यामागील कल्पना मौजेची आहे : बार उडतांना तें नळीला आंतून वंगण घालील, असा निर्मात्यांचा तर्क होता! त्या भयंकर ज्वालेंत व्हॅसेलिन वंगण म्हणून कसें टिकावें? तें जळूनच जाई. परंतु सांठविलेली दारू बिघडूं न देण्याचें दुसरेंच मोलाचें काम तें करी, आणि त्यासाठीं पुढें तें ठेवण्यांत आलें. चुकीच्या तर्कानें योग्य वस्तु हातीं लागल्याचें असें उदाहरण शास्त्राच्या इतिहासांत विरळा.

राख नाहीं म्हटल्यावर पाणी हवें कशाला? कढत पाण्याची कटकट लोकांनीं आनंदानें सोडून दिली. पोलाद आणि पाणी यांचें वैर सर्वांना ठाऊक. तेव्हां बोळ्यावर तेल घेऊन नळी पुसली कीं झालें, असें सर्वांनीं ठरविलें. आणि आरंभीं सांगितलेला गंज सुरू झाला.

तर्ककुतर्कांना ऊत आला. बिनधुराची दारू नत्राम्लापासून बनते, तेव्हां तिच्या ज्वलनांतून आम्ल उत्पन्न होऊन तें पोलाद खात असावें, हें मत सर्वांत लोकप्रिय. दुसरे म्हणत, तप्त वायु पोलादाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसतात आणि मागाहून घामासारखे बाहेर पडतात. म्हणून आज पुसलेली नळी उद्यां पुन्हां पुसावी, परवां पुन्हां. या मतांवर एक व्यापार उभा राहिला. फिलाडेल्फियाच्या फ्रँक ऑगस्ट हॉप यानें १९०३ त ‘नंबर ९’ नांवाचें द्रावण बाजारांत आणलें. शिसें, काजळी आणि दारूचा चिकटा काढण्यांत तें खरोखरच पटाईत होतें, आणि त्याच्या केळ्यासारख्या वासावर आजही पुष्कळ नेमबाज लुब्ध आहेत. जर्मनींत कोलोनजवळील क्लेव्हर यांच्या कारखान्यांतून हेल्मुट क्लेव्हर यानें १९०४ त ‘बॅलिस्टॉल’ काढलें. हें किंचित् अल्कधर्मी तेल पाण्यांत मिसळलें कीं दुधासारखें होई. जर्मन सैन्यानें तें १९४५ पर्यंत वापरलें. शिपायाच्या एकाच डब्यांत हत्याराचें पोलाद, दस्त्याचें लांकूड आणि कातडी म्यान या तिहींची सोय व्हावी, असा त्यामागील हेतु होता. आम्लावर अल्क हा उतारा, हें शाळकरी मुलालाही कळण्यासारखें. त्यामुळें अशा तेलांवर लोकांचा भरंवसा बसला यांत नवल नाहीं. तथापि केवळ तेलाच्या बोळ्यावर विसंबणाऱ्यांची नळी गंजतच राहिली.

या साऱ्या काळांत जुन्या वळणाचे हवालदार मात्र आपला हेका सोडीत नव्हते. गोळीबाराहून परतल्यावर बंदुकींतून कढत पाणी ओतून घेतल्यावांचून ते शिपायाला सोडीत नसत. अमेरिकन सैन्यांत धुण्याच्या सोड्याचें पाणी वापरण्याची आज्ञा होती. तेथेंही आम्ल मारण्याचें श्रेय सोड्याला देण्यांत येई, आणि ज्या पाण्यांत तो विरघळविलेला असे त्याच्याकडे कोणी पाहत नसे. कारण विचारलें तर हवालदाराला सांगतां येत नसे. शास्त्रज्ञांना कारणें पुष्कळ येत होतीं, पण नळी शाबूत राही ती हवालदाराची.

अखेर १९२२ त अमेरिकेच्या सरकारी खाण-संशोधन खात्यानें विल्बर्ट हफ या रसायनशास्त्रज्ञाचा अहवाल प्रसिद्ध केला. तेलाच्या थराखालीं होणारा गंज हाच त्याचा विषय. हफनें दारूवरचें बालंट काढून तें काडतुसाच्या बुडाशीं असलेल्या चिमुकल्या केपावर ठेवलें. घोड्याच्या आघातानें पेट घेऊन दारू पेटविणारी ही केप म्हणजे स्कॉटलंडमधील पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ याच्या १८०७ च्या पेटंटाची नातवंड. तिच्या मसाल्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. क्लोरेट आपला प्राणवायु देऊन टाकतें आणि मागें उरतें पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या खाण्याच्या मिठाचें सख्खें भावंड.

श्रोत्यांपैकीं कोकणपट्टींत राहणाऱ्यांना यापुढील भाग वेगळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. आषाढ लागला कीं स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीला पाणी सुटतें. हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं खाण्याचें मीठ स्वतःच ओल ओढून पाझरूं लागतें. पोटॅशियम क्लोराइडच्या बाबतींत ही मर्यादा ८४ च्या आसपास आहे. पिस्तुलाच्या नळींत बसलेले या क्षाराचे अदृश्य कण दमट हवेंत असेच पाझरत, आणि खारें पाणी पोलादाला खाई. कोरड्या हवेंत तीच नळी कित्येक दिवस स्वच्छ राही. म्हणून एका गांवचा नेमबाज ज्या तेलाची स्तुति करी त्यालाच दुसऱ्या गांवचा शिव्या देई. दोघेही प्रामाणिक होते. फरक हवेचा होता.

आणि तेल? मीठ तेलांत विरघळत नाहीं, ही गोष्ट लोणचें घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तेलाच्या बोळ्यानें क्षाराचे कण निघत नसत, केवळ तेलानें झांकले जात. तेलाचा पातळ थर बाष्पाला कायमचा अडवूंही शकत नाहीं. सावकाश कां होईना ओल आंत झिरपते, आणि मग त्या आच्छादनाखालीं क्षार आपलें काम निर्वेधपणें करीत राहतो. उपाय एकच, साधा पाण्याचा. काळ्या दारूच्या काळींही केपेचा हा क्षार नळींत पडतच होता. पण तो पुष्कळशा राखेंत मिसळून जाई आणि राखेबरोबर धुतला जाई. नव्या दारूनें राख नाहींशी केली, लोकांनीं पाणी सोडलें, आणि क्षार एकटा उरला.

पिस्तुलाला हा दोष विशेष भोंवला, याचें कारण हिशोबाचें आहे. अमेरिकन सैन्याच्या रायफलीच्या काडतुसांत सुमारें ५० ग्रेन दारू असे, त्याच सैन्याच्या.४५ पिस्तुलाच्या काडतुसांत अवघी ५ ग्रेनच्या आसपास. केप मात्र दहापट लहान करतां येत नाहीं. दारूच्या मानानें केपेचा वांटा पिस्तुलांत पुष्कळच अधिक.

एवढा उलगडा झाल्यावर सारें जग एका दिवसांत सुधारावयास हवें होतें. तसें घडलें नाहीं. जर्मनींतील ऱ्हेनिश-वेस्टफालियन कारखान्यानें क्लोरेटऐवजीं बेरियमचा क्षार वापरून न गंजविणारी केप १९०१ मध्येंच तयार केली होती, आणि १९२८ त ‘सिनॉक्सिड’ हा अधिक भरंवशाचा मसालाही काढला. अमेरिकेंत रेमिंग्टन कंपनीनें १९२७ च्या सुमारास अशीं काडतुसें विकावयास काढलीं. परंतु अमेरिकन सैन्य क्लोरेटला चिकटून राहिलें. कोठारांत वर्षानुवर्षें पडलेलें काडतूस ऐन वेळीं उडालेंच पाहिजे, आणि त्या बाबतींत जुना मसाला कसोटीला उतरलेला होता. नळी गंजली तर शिपायाला पुन्हां साफ करावयास लावतां येतें; काडतूस फुसकें निघालें तर शिपाई उरत नाहीं. हा युक्तिवाद सहज खोडण्याजोगा नव्हे. म्हणून दुसऱ्या महायुद्धांत, लहान कार्बाइनचीं काडतुसें वगळतां, बहुतेक अमेरिकन काडतुसांत क्लोरेटच होतें, आणि शिपायाला नळी साफ करण्यासाठीं जें द्रावण दिलें त्यांत क्षार विरघळवण्याची शक्ति मुद्दाम ठेवलेली होती. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ही जुनी केप तेथून गेली.

केपेचें भांडण मिटल्यावरच तेलाची निवड ही खऱ्या अर्थानें वंगणाची निवड झाली. रिव्हॉल्व्हरचें चक्र हातानें फिरतें. त्याला तेलाचा एखादा थेंब पुरे. स्वयंचलित पिस्तुलांत प्रत्येक बाराबरोबर वरचा जड भाग मागें सरकून पुन्हां पुढें येतो, आणि तें घर्षण सोसण्यासाठीं सरकत्या कडांवर तेल टिकावें लागतें. मार्च १९११ मधील अमेरिकन चांचणींत कोल्टच्या पिस्तुलानें ६००० बार न अडखळतां काढले. त्यांतही दर हजार बारांनीं तें साफ करून तेल देण्याचा नियम होता. पण तेल फार झालें तर धूळ व काजळी धरून त्याची रांपण बनते, हें उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत लढणाऱ्यांना कळलें. तेल थंडींत गोठतें, हें १९४१ च्या हिंवाळ्यांत रशियांत शिरलेल्या जर्मनांना फार महाग पडलेलें ज्ञान. हत्यारें चालावीं म्हणून त्यांना तेल पुसून काढावें लागलें.

देवमाशाचें तेल या स्पर्धेंतून निवृत्त झालें तें त्याच्या दोषामुळें नव्हे. स्पर्म देवमासे इतके मारले गेले कीं, १९७० त अमेरिकेनें त्यांचा समावेश नष्टप्राय प्राण्यांच्या यादींत करून त्यांच्या तेलाचा व्यापार बंद पाडला, आणि १९८६ पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. त्या तेलाला जवळचें असें पातळ मेण वनस्पतिसृष्टींत एका झुडपाच्या बियांत सांपडतें : होहोबा. मूळचें मेक्सिको व अमेरिकेच्या वाळवंटांतील हें झुडूप आतां राजस्थानांतही लावलें जातें. लष्करी कोठारांत मात्र त्यानंतर कृत्रिम तेलें आलीं. साफ करणें, वंगण देणें आणि गंजापासून राखणें हीं तिन्ही कामें एकाच बाटलीनें करावीं असा त्यांचा दावा असतो, आणि थोड्याफार प्रमाणांत तो खराही आहे.

जुन्या युद्धांतील क्लोरेटच्या केपेचीं काडतुसें अद्याप कोठें कोठें विकत मिळतात. तीं वापरणारे जाणते नेमबाज घरीं आले कीं प्रथम पाणी चुलीवर ठेवतात. तेलाची बाटली मागाहून उघडतात.